व्होल्टेज ठरवायचं तर मे महिन्यात

प्रश्न: दादा, माझं दारव्हा तालुक्यात गावातच फोटो-व्हिडिओचं दुकान आहे, टिनाचं. मशीनचा प्रोसेसर रायझन ५ ३६००, बोर्ड बी४५०, कूलर डब्ब्यात आला तोच. लग्नसराईत रेंडरले (एडिट केलेला व्हिडिओ तयार होऊन निघाले) लय वेळ जाते म्हणून ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसर कंपनीच्या स्पीडच्या वर पळवला. यूट्यूबवर एकानं ४.२ गिगाहर्ट्झ अन् १.४ व्होल्ट सांगितलं, तेच टाकलं. सकाळी बरोबर चालते, दुपारी बंद पडते. आमच्याकडे लाइनच कमी राहते, मोटारी सुरू झाल्या की १७० व्होल्टवर येते. मित्र म्हणते, लाइन कमी हाये म्हणून बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या मेनूत) १.४५ कर. करू काय?

उत्तर: नका करू भाऊ. मित्राला चहा पाजा, पण बायोसजवळ बसवू नका.

आधी लाइनीचं बघू, कारण हा घोळ आपल्याकडे सगळीकडे आहे. भिंतीतले १७० अन् बायोसमधले १.४ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भिंतीतली लाइन एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, घेते, त्याचे १२ व्होल्ट करते, मग सॉकेटच्या बाजूला जे छोटे चौकोनी ठोकळे दिसतात ना, ते त्या १२ चे सव्वा-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला देतात. लाइन पडली म्हणून प्रोसेसरला कमी मिळते असं होत नाही, एकतर पूर्ण मिळते नाहीतर मशीन सरळ बंद होते. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट वाचा. १०० ते २४० लिहिलं असेल तर १७० त्याला चालते, २०० ते २४० असेल तर मात्र स्टॅबिलायझर घ्या, त्याला बायोसमध्ये इलाज नाही. अन् बंद पडते तेव्हा दुकानातला बल्ब मिणमिणतो का तेवढं पाहा. बल्ब मिणमिणला अन् मशीन गेली तर बहुतेक लाइन. बल्ब ठणठणीत अन् निळी स्क्रीन आली, किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदणाऱ्याची) एरर दिसली तर आपलं सेटिंग. कर्नल-पॉवर ४१ (मशीन नीट बंद न होता गेली अशी नोंद) दोन्ही वेळा येते, त्याच्यावरून काही ठरवू नका.

तुमचं मात्र दुपारचंच दुखणं आहे, म्हणजे मला तर गरमीच दिसते.

हिशोब असा की प्रोसेसरची गरमी व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते. १.२५ चे १.४ केले तर स्पीड तेवढाच ठेवूनही गरमी २५ टक्के वाढली. अन् मिळालं काय? हा प्रोसेसर तसाही फुल लोडवर, थंड असला तर, ४ च्या आसपास चालतो, तुम्ही ४.२ केला म्हणजे ५ टक्के. एक तासाच्या रेंडरमध्ये तीनेक मिनिटं वाचतात राजेहो, अन् त्यासाठी सव्वापट गरमी त्या टिनाखाली.

दुसरी गोष्ट, कूलर काही हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो हवेच्या वर किती डिग्री ठेवायचं तेवढंच बघतो. जानेवारीत दुकानात २० अन् लोडवर ७० दिसलं, तर मे महिन्यात दुकानात ४२ असताना तेच सेटिंग ९२ दाखवणार, अन् या प्रोसेसरची कमाल आहे ९५. मी हे स्वतः भोगलंय. जुन्या मशीनवर एका जानेवारीच्या रात्री बारा वाजता १.३८ वर सगळं पक्कं झालं म्हणून खुशीत झोपलो, अन् मे मध्ये गिऱ्हाईक समोर बसलेलं, अल्बम ८० टक्क्यांवर, अन् स्क्रीन गोठली. तुमचं तर उलटंच आहे, लग्नं सगळी एप्रिल-मे मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त काम सगळ्यात गरम दिवसांत. म्हणून व्होल्टेज ठरवायचं ते भर दुपारी दोन वाजता, दुकानातच.

यूट्यूबवाल्याचा आकडा घेऊ नका हो. त्याची चिप वेगळी, कूलर वेगळा, खोलीत एसी. एकाच बॅगातलं बियाणं दोन वावरात सारखं येत नाही तसं एकाच मॉडेलच्या दोन चिपांना सारखं व्होल्टेज लागत नाही.

मी असतो तर गुणक ४० ठेवला असता म्हणजे ४.० गिगाहर्ट्झ, व्होल्टेज मॅन्युअल १.२५, अन् तिथून खाली यायला सुरुवात. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं टेस्टचं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं लूपवर लावायचं, टिकलं तर ०.०१२५ कमी करायचं, पुन्हा लावायचं. कुठंतरी अडकेल, तिथून दोन पायऱ्या वर या अन् एक तास ओसीसीटी (तसलंच दुसरं टेस्टचं सॉफ्टवेअर) चालवा, मग तुमचंच एखादं जुनं लग्न रेंडरला टाका, कारण टेस्टमध्ये पास अन् कामात नापास हे मी लय वेळा पाहिलं. व्होल्टेज वाचायचं एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर), जिथं एसव्हीआय२ टीएफएन लिहिलंय ती ओळ, बाकीच्या ओळी बोर्डाच्या अंदाजाच्या आहेत. लोड लाइन कॅलिब्रेशन (लोडवर पडणारं व्होल्टेज सावरायचं बायोसमधलं सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा, लोड आल्यावर व्होल्टेज थोडं पडतं ते पडू द्या, एकदम वरच्या पायरीवर लोड सुटताना उलट झटका बसतो. दिवसभर लोड चालणार असेल तर १.३ च्या वर मी तरी जात नाही.

आता तुम्ही म्हणाल की ऑटोवर असताना तोच प्रोसेसर १.४५ दाखवते. दाखवते, पण ते एखाद्या कोरवर, हलक्या कामात, क्षणभरासाठी. करंट कमी असतो म्हणून खपते. तेच सहाही कोरवर दिवसभर कायम केलं की चिप आतून झिजते, आज १.४ वर चालते ती दोन वर्षांनी तेवढ्यात चालत नाही.

अन् एक, दुकानातल्या कुलरची थेट हवा कॅबिनेटमध्ये मारू नका. वाळ्याच्या टट्टीवर पांढरा थर बसतो तो बोर्डावरही बसेल. त्यापेक्षा मोठा टॉवर कूलर घ्या, ओव्हरक्लॉकपेक्षा तो कामाचा.

प्रश्न: एवढी माथाफोड कशाला, ऑटोवर ठेवलं तर कंपनी बघून घेते ना? (ता. मोर्शी)

उत्तर: बहुतेक वेळा घेते, नेहमी नाही. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० सीरिजच्या एक्स३डी चिपा बोर्डावर जळल्या, तेव्हा एसओसी व्होल्टेज (कोर सोडून चिपमधल्या बाकी भागाला मिळणारं) १.३ वर बांधावं लागलं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत व्होल्टेज जास्त मागण्याचा दोष निघाला, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं छोटं सॉफ्टवेअर) देऊन १.५५ ची मर्यादा घातली अन् वॉरंटी दोन वर्षं वाढवली. दोन्ही वेळा इलाज बायोस अपडेटमध्येच आला. तुमच्याकडे यातलं काही असेल तर आधी ते करा, यूपीएस लावून, लाइन पक्की असताना, मधात गेली तर बोर्डच बसते.

प्रश्न: व्होल्टेज कमी केलं अन् आता स्क्रीनच येत नाही. (ता. अंजनगाव सुर्जी)

उत्तर: काही जळलं नाही. मेनची पिन काढा, बोर्डावरचा गोल सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबा, परत बसवा, बायोसचं सगळं सेटिंग पहिल्यासारखं होते. सेल जुना असेल तर लगे हात बदलून टाका, सीआर२०३२ मागा, घड्याळवाल्याकडे मिळते.