कामाची वर्षं मोजायची कशी? वाचकांचे प्रश्न

युरोपात माणूस सरासरी 36.9 वर्षं काम करतो असं वाचलं. कुणी निवृत्त होईपर्यंत थांबून हे मोजतं का?

नाही, थांबायचं तर दोन पिढ्या जातील. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा, म्हणजे युरोस्टॅटचा, 2023चा हा आकडा दोन तक्त्यांच्या गुणाकारातून येतो: कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात आणि त्या वयाचे किती टक्के लोक कामावर किंवा कामाच्या शोधात असतात. समजा, पंधरा वर्षांच्या एक लाख मुलांपैकी 98,000 जण तिसाव्या वर्षी हयात आहेत आणि त्यांतले 80 टक्के श्रमबाजारात आहेत. म्हणजे त्या एका वयाची झाली 78,400 वर्षं. प्रत्येक वयाची अशी बेरीज करून तिला एक लाखाने भागायचं. सगळे दर आजचे असतात, म्हणून याला भाकीत समजू नये.

नेदरलँड्समध्ये 43.7 आणि इटलीत 32.9! डच लोक इतके राबतात?

तसं नाही. इथे माणसं मोजतात, तास नव्हे. नेदरलँड्समध्ये अर्धवेळ नोकऱ्या भरपूर आहेत आणि आठवड्यातून तीन दिवस जाणारी बाईही वर्षभर कामावर धरली जाते.

माझं वय 45. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलो. 36.9मधून 23 वजा करून 14 वर्षं उरली म्हणू का?

म्हणू नका. तो आकडा युरोपचा आहेच, शिवाय त्यात उशिरा लागलेले, लवकर सोडलेले आणि कधीच नोकरी न केलेलेही आहेत. तुमच्यासाठी बेरीज 45पासून सुरू करावी लागेल.

आई जन्मभर शेतात राबली, पण सर्वेक्षणात 'घरकाम' लिहिलं गेलं. तिची वर्षं शून्यच का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या श्रमबल सर्वेक्षणाच्या (पीएलएफएस) नियमांनुसार घरच्या शेतातली बिनपगारी खुरपणी, लावणी, म्हशीची धार हे सगळं कामच आहे. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचं करणं मात्र त्यात बसत नाही. आई वर्षातले बहुतेक दिवस घरकामात असली, तरी किमान 30 दिवस शेतात असेल तर 'दुय्यम काम' म्हणून तिची गणना व्हायला हवी. अडतं ते दारातच. "काय करता?" असं विचारलं की "काही नाही, घरीच असते" असं उत्तर येतं, बरेचदा मुलगाच ते देतो, आणि रकाना भरला जातो.

भारतात 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे कामावर किंवा कामाच्या शोधात असलेल्यांचं प्रमाण, 2017-18मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24मध्ये 41.7 टक्के झाला. यातली बरीचशी वाढ ग्रामीण भागातली आहे. पण 30 दिवसांची बाई आणि 300 दिवसांची बाई या टक्केवारीत सारखीच. तेव्हा या दरांवरून काढलेली 'वर्षं' कष्टांचं माप म्हणून वापरू नका. सर्वेक्षक घरी आले तर उत्तर आईलाच देऊ द्या, आणि पेरणीपासून मळणीपर्यंत तिने काय काय केलं ते महिन्यांसकट सांगायला लावा.