तीन तारांचा पेसमेकर आणि तीन लाखांचा फरक

आपल्या पत्रातील तपशील थोडक्यात असा. आपले वडील ७१ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. अँजिओग्राफीत अडथळा आढळला नाही, परंतु हृदयाचे पंपिंग, म्हणजे ईएफ, २८ टक्क्यांवर आले असून वर्षभर सर्व औषधे नियमित घेऊनही त्यांना जिना चढताना धाप लागते. ईसीजीमध्ये डाव्या बाजूचा ब्लॉक, म्हणजे हृदयातील विद्युत संदेशाच्या वाटेतला अडथळा, आहे आणि क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या विद्युत लहरीची, रुंदी १६० मिलिसेकंद आहे. रुग्णालयाने साध्या सीआरटी (तीन तारांच्या) पेसमेकरसाठी ४ लाख ६० हजार रुपये आणि धोकादायक अनियमित ठोके थांबवण्यासाठी शॉकही देणाऱ्या सीआरटी यंत्रासाठी ८ लाख ९० हजार रुपये असे दोन अंदाज दिले आहेत. आपल्या कंपनीच्या गटविम्यात वडिलांना ५ लाखांचे संरक्षण आहे, मात्र मान्य खर्चाचा २० टक्के वाटा आपल्याला उचलायचा आहे. वडिलांचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आणि बँकेच्या मुदत ठेवीत ४ लाख आहेत. ते म्हणतात, ‘या वयात माझ्यावर एवढा पैसा घालू नका’. आपण म्हणता, बचत योजना मोडून महागातलेच यंत्र बसवू.

आधी वडिलांच्या शंकेबद्दल. डाव्या बाजूच्या ब्लॉकमुळे हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंती एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत. तिसरी तार हृदयाच्याच शिरेतून डाव्या बाजूला पोहोचवून दोन्ही बाजूंचे ठोके जुळवून घेणे हे सीआरटीचे काम आहे. २००५ साली युरोपातील ‘केअर-एचएफ’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ८१३ रुग्ण होते आणि यंत्र शॉक न देणारे होते. सरासरी २९ महिन्यांत केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ३० टक्के, तर यंत्र बसवलेल्यांपैकी २० टक्के रुग्ण दगावले. दीर्घकाळाचे चित्र ‘राफ्ट’ चाचणीच्या २०२४ मधील अहवालात दिसते: हयात रुग्णांचा सुमारे १४ वर्षे पाठपुरावा केल्यावरही केवळ शॉक यंत्र असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ७६.४ टक्के, तर त्याला सीआरटीची जोड मिळालेल्यांमध्ये ७१.२ टक्के होते. म्हणजे लाभ टिकतो, पण आजार जात नाही, आणि औषधांचा मासिक खर्चही थांबत नाही. काही रुग्णांना यंत्राचा अपेक्षित उपयोग होत नाही, हेही घरात आधीच बोलून ठेवावे. मात्र रुंद क्यूआरएस आणि डावा ब्लॉक असलेल्यांना लाभाची शक्यता सर्वाधिक असते. (यंत्राचा भाव विचारणारी पत्रे मला पुष्कळ येतात, ईसीजीचा आकडा कळवणारे आपण विरळाच. १३० मिलिसेकंदांहून कमी रुंदीच्या रुग्णांवरील ‘इको-सीआरटी’ चाचणीत यंत्रामुळे मृत्यू वाढल्याचे दिसले होते.) त्यामुळे साध्या सीआरटीवरचा खर्च मला वयाच्या कारणाने टाळण्याजोगा वाटत नाही.

आपल्या आग्रहाबद्दल मात्र मी साशंक आहे. कोणते यंत्र बसवावे, हा निर्णय डॉक्टरांचा आहे. तरीही त्यांना एक प्रश्न आपण अवश्य विचारावा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नसलेल्या १,११६ रुग्णांवर झालेल्या ‘डॅनिश’ चाचणीत (२०१६) शॉक यंत्रामुळे अचानक मृत्यू कमी झाले, परंतु एकूण मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना सीआरटी मिळालीच होती, आणि सत्तरीपुढच्या रुग्णांमध्ये तर लाभ आढळला नाही. वडिलांच्या बाबतीत शॉकची सोय नेमकी कशासाठी हवी आहे? पूर्वी धोकादायक अनियमित ठोके किंवा बेशुद्धी नोंदली गेली असेल, तर हा हिशेब पूर्णपणे बदलतो आणि मग पैशाकडे पाहू नये.

तसे काही नसेल, तर आकडे पाहा. साध्या यंत्रात आपला वाटा सुमारे ९२ हजार येतो. शॉकच्या यंत्रात विमा ५ लाखांवर थांबतो, म्हणजे खिशातून किमान ३ लाख ९० हजार जातील. हा तीन लाखांचा फरक मी जपून ठेवण्याचे कारण भावनिक नाही: साधारण पाच ते दहा वर्षांत बॅटरी संपली की संपूर्ण पेटी बदलावी लागते, शॉकच्या यंत्राची पेटी महाग असते, आणि तोपर्यंत आपला गटविमा असेलच असे नाही. दोन्ही यंत्रांच्या बॅटरीचे अपेक्षित आयुष्य आणि पेटीची आजची किंमत कंपनीकडून लेखी घ्या.

बचत योजनेला हात लावू नये. तिच्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, संपूर्ण खाते बंद करावे लागते. खात्याला २० महिनेच झाले असल्याने दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातील आणि वडिलांचे तिमाही व्याजही थांबेल. आपला वाटा मुदत ठेवीतून द्यावा. खोली विम्याच्या मर्यादेतलीच घ्यावी. भाडे मर्यादेबाहेर गेल्यास होणारी प्रमाणशीर कपात यंत्राच्या किमतीला लागू होत नाही, पण शल्यचिकित्सेच्या शुल्काला लागू शकते. सत्तरीपुढील सर्वांसाठी असलेले आयुष्मान वय वंदना हे सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड, खासगी विमा असला तरी, वडिलांना काढता येते. ते आजच काढावे आणि या शस्त्रक्रियेचे पॅकेज जवळच्या कोणत्या संलग्न रुग्णालयात मिळते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) जाणून घ्यावे. पेटी बदलण्याच्या वेळी त्याचा आधार होईल.

आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की पुढच्या महिन्यात नोकरी बदलणार आहात. माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. गटविम्याचे संरक्षण सामान्यतः नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते, आणि नव्या कंपनीच्या विम्यात आई-वडील असतीलच असे नाही. वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून विमा कंपनीची पूर्वसंमती, शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातून घरी परतणे हे सारे पूर्ण झाल्यावरच राजीनाम्याचे पत्र द्यावे.