सिकलसेल 'वाहक' म्हणजे नक्की कोण? आणि ते दात्रकोशिका काय आहे?

प्रश्न असा होता की भाचीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, मुलाकडचे शहाद्याकडचे, तिच्या रक्ताच्या रिपोर्टवर 'सिकलसेल वाहक' लिहून आलं आणि आता ते विचारतायत की हिच्यामुळे घरात रोग लागेल का. आणि एका जुन्या पुस्तकात 'दात्रकोशिका पांडुरोग' असा शब्द दिसला, तो हाच का.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, लागत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, तो आईबापाकडून जन्मतःच येतो, एकमेकाला लागत नाही. एका ताटात जेवा, लेकराला जवळ घ्या, काही होत नाही. सगळा घोळ या 'वाहक' शब्दानं घातलाय. आपल्याला वाहक म्हटलं की एकतर एसटीतला तिकीट फाडणारा आठवतो नाहीतर दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेला डास, मलेरियाचा वाहक, डेंग्यूचा वाहक. डास इकडचा रोग तिकडे नेतो, मग मुलीला वाहक म्हटलं की सासरच्यांना वाटणारच ना ही पण आणून सोडणार. इथे वाहक म्हणजे फक्त एवढंच की आईकडून किंवा बापाकडून, कोणातरी एकाकडून सिकलचा जीन आलाय आणि दुसरा चांगला आहे. त्याला एएस म्हणतात. दोन्हीकडून आला तर एसएस, आणि खरा आजार तो. एएसवाल्याच्या रक्तात चांगलं हिमोग्लोबिन अर्ध्यापेक्षा जास्त असतं, त्यामुळे सहसा त्याला आयुष्यभर काही जाणवत पण नाही, तपासलं नसतं तर कळलंही नसतं.

आता दात्र. हो, तोच आजार, इंग्रजीत सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे पेशी, त्याचंच हे भाषांतर. दात्र म्हणजे संस्कृतात विळा, कापणे या अर्थाच्या धातूवरून. मराठीत हा शब्द कोणी बोलत नाही पण नवापूर ओलांडून पलीकडे गेलात की गुजरातीत विळ्याला आजही दातरडुं म्हणतात, म्हणजे शब्द आपल्या शेजारीच राहतो. आपल्याकडे इळा, आणि अहिराणीत ळ चा य होतो म्हणून इया. कोशिका म्हणजे पेशी (हिंदीत कोशिकाच म्हणतात आणि पेशी म्हटलं की त्यांना स्नायू वाटतो, म्हणून हिंदीवरून केलेली पोस्टरं वाचताना जरा जपून). पांडु म्हणजे फिक्कट पिवळट. आता बऱ्याच ठिकाणी पांडुरोगाऐवजी रक्तक्षय लिहितात, ते मला अजिबात पटत नाही, कारण 'क्षय' ऐकलं की माणूस टीबी समजतो. एक बाई रिपोर्ट हातात घेऊन रडताना मी स्वतः पाहिलीय, तिला वाटलं पोराला टीबी झाला. रक्त कमी आहे म्हणा, बस.

पण विळा हा शब्द मात्र सोडू नका, कारण अख्खा आजार त्या आकारात आहे. लॅबवाल्या मित्रानं एकदा मला मायक्रोस्कोपमधून स्लाइड दाखवली होती. चांगल्या पेशी गोल, मधे थोड्या दबलेल्या, पेढ्यासारख्या, आणि त्यांच्यात मधेच एखादी लांबट, दोन्ही टोकं अणकुचीदार, बाक आलेली. हुबेहूब विळा. 1910 साली शिकागोत हेरिक नावाच्या डॉक्टरनं हेच बघून विळ्याच्या आकाराच्या पेशी असं लिहून ठेवलं, नाव तिथून आलं. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, बाकी सगळं तेच, पण ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून दोऱ्या बनतात आणि पेशी ताठ होते. गोल पेशी बारीक नळीतून दुमडून निघून जाते, विळा अडकतो, मागे दुसरा अडकतो, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथली ऊती मरते. हाडात झालं की ते ठणकणं, पेशंट 'अंग दुखतं' म्हणतो पण ते अंगदुखीच्या गोळीचं दुखणं नाही. तान्ह्या लेकराचे हातापायाचे पंजे सुजतात. पानथरी म्हणजे प्लीहा, ती आधी वाढते आणि पुढे बऱ्याच जणांत आतून मरत मरत आक्रसते, मग साधा ताप पण जड जातो. मोठेपणी खुब्याचा गोळा झिजतो. चांगली लाल पेशी 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसात फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. त्या पिवळ्या डोळ्यांना लोक कावीळ समजून झाडपाल्याच्या मागे लागतात, आणि तिथे खूप वेळ जातो.

शब्दाचं विचाराल तर आजाराला सिकलसेलच राहू द्या, इकडे नंदुरबारात धडगाव अक्कलकुव्यापासून सगळे नुसतं सिकल म्हणतात आणि तपासणीच्या कार्डावर पण तेच असतं. वाहकच्या जागी मी तोंडी 'एकेरी सिकल' म्हणतो आणि एसएसला 'दुहेरी', दोऱ्याचा पदर असतो तसं, आणि समोरच्याला चटकन कळतं. भाचीचं सांगायचं तर मुलाचं रक्त पण तपासून घ्या, साध्या चाचणीत फक्त सिकल आहे की नाही एवढं कळतं, एकेरी की दुहेरी ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्यांनी. तो नॉर्मल निघाला तर दुहेरी मूल होणार नाही, फार तर आईसारखं एकेरी. तो पण एकेरी निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता दुहेरीची, पहिल्या वेळी चांगलं झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. हे मुलाकडच्यांना समोर बसून, वाहक हा शब्द न वापरता सांगा.