नाशिकमध्ये वयाच्या चाळिशीत प्रथमच योगवर्गाला जायचे असल्यास काय पाहावे?

गंगापूर रोड असो वा इंदिरानगर, वर्ग शक्यतो घराजवळचाच निवडावा, कारण थंडीत पहाटे सहा वाजता लांब जाण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही. योग विद्या धाम ही संस्था नाशिकचीच असून तिचे संस्थापक विश्वास मंडलिक यांना २०१८ मध्ये योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे या शहरात प्रशिक्षित शिक्षक शोधणे अवघड जाऊ नये.

शुल्क भरण्यापूर्वी एक तास वर्गात बसून पाहावे. शिक्षक नवागताला त्याच्या दुखण्यांविषयी विचारतात का, हीच माझ्या मते खरी कसोटी आहे. उच्च रक्तदाब असल्यास शीर्षासन आणि जोरकस कपालभाती टाळावी लागते, तर मणक्याची चकती सरकलेली असल्यास पुढे वाकण्याची आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. म्हणून हे सर्व आपणहूनही सांगावे.

जेवणानंतर तीन-चार तासांचे अंतर हवे, म्हणजेच रविवारची मिसळ वर्गानंतरच! सुरुवातीला ताडासन, वज्रासन, भुजंगासन आणि शवासन पुरेसे आहे. बारा स्थितींचा सूर्यनमस्कार श्वासाची लय जमल्यावर सावकाश शिकावा. शेजारच्याची बोटे पायाला टेकली म्हणून आपण गुडघे वाकवून ओढाताण करू नये.