'त्याची सायकल' म्हणजे 'हर सायकल' नव्हे, आणि यात मालवणीचा काही दोष नाही

तुम्ही विचारलंय की मुलगा सातवीत आहे, माय-माइन, युअर-युअर्सचा तक्ता तोंडपाठ आहे, तरी निबंधात हिज, हर, देअरचा घोळ घालतो. कुठलं अ‍ॅप घ्यावं आणि महिन्याभरात सुधारेल का. जाता जाता हेही लिहिलंय की शिकवणीच्या बाईंनी 'घरात मालवणी बोलणं बंद करा, त्यामुळेच होतंय' असं सांगितलं. अ‍ॅपचं नंतर बघू. आधी बाईंचा तो सल्ला डोक्यातून काढून टाका.

मालवणीत माझो भाव, माझी भयण, माझा घर. प्रमाण मराठीत माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर. शेवटचे स्वर निराळे, कारभार एकच: शेवट वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो. मालक कोण ते शब्दाच्या सुरुवातीला कळतं. तेचो, तिचो, तेंचो; त्याचा, तिचा, त्यांचा. म्हणजे घरी शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारं पोरही नेमकी हीच चूक करणार, आणि करतंच. शब्दाच्या कुठल्या टोकाकडे बघायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, दुखणं तिथे आहे.

आत्ता समोर सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेतली वही आहे, निबंध 'माझे कुटुंब'. त्यातली वाक्यं अशी: "माय फादर इज अ फिशरमन. देअर बोट इज ब्लू. माय ब्रदर गोज टू कॉलेज. हर सायकल इज ओल्ड. माय अंकल सोल्ड अवर बोट. ही वॉशेस हँड्स अँड ईट्स फिश." शेजारी लाल शाईत 'तक्ता दहा वेळा लिहा'. तक्ता त्या मुलाला येतोच आहे! चारही चुका चार वेगळ्या कारणांनी झाल्यात आणि एकीचंही औषध तक्त्यात नाही.

'देअर बोट' आदरापोटी आलंय. मुलाच्या मनात 'त्यांची होडी' होतं. बाबा 'ते', म्हणून त्यांची, म्हणून देअर. हाच मुलगा आईबद्दल 'हर साडी' बरोबर लिहितो, कारण घरात आई 'ती' असते. शिक्षकांना वाटतं निष्काळजी आहे, कधी बरोबर तर कधी चूक. तो तर कमालीचा नियमाने चालतोय! त्याला एवढंच सांगा: इंग्रजीत मान बघायचा नाही, माणसं मोजायची. एक पुरुष असेल तर हिज, मग तो बाप असो, सरपंच असो की ग्रामदैवत रवळनाथ. एक बाई असेल तर हर, आजी असली तरी. दोघं किंवा जास्त असतील तरच देअर.

'हर सायकल' मात्र शेवट बघून आलंय. त्याची सायकल, 'ची' ऐकलं की बाई आठवते. उलट 'तिचा डबा'चं 'हिज टिफिन' होतं. यावर उपाय पेन्सिलीचा आहे. 'त्या' आणि 'ची' यांच्या मध्ये उभी रेघ मारायची आणि रेघेच्या उजवीकडचं बोटाने झाकायचं. उरलं 'त्या', म्हणजे हिज. 'ति' उरलं तर हर. 'त्यां' उरलं तर आधी माणसं मोजायची. आधी एकाच मालकाच्या वस्तू बदलत न्या: त्याचा डबा, त्याची छत्री, त्याचं दप्तर, त्याचे बूट. इंग्रजीत चारही वेळा हिजच येतं हे मुलाने स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं. मग वस्तू तीच ठेवून मालक बदला. दोन्ही एकदम बदललंत तर परत गोंधळ.

'अंकल सोल्ड अवर बोट' ही सगळ्यात वाईट चूक, कारण व्याकरणाने वाक्य बिनचूक आहे आणि अर्थ भलताच. 'काकाने आपली होडी विकली' याचं हे इंग्रजी. आपला म्हणजे तुमचा-आमचा मिळून, आपला म्हणजे ज्याचा त्याचा, आणि 'आपलं नाव काय' म्हटलं की तुमचा. कसोटी सोपी आहे: 'आपली'च्या जागी 'स्वतःची' घालून बघायचं. 'काकाने स्वतःची होडी विकली', अर्थ टिकला, मग वाक्यातला कर्ता धरायचा, काका, म्हणून हिज. 'आपली होडी बंदरात आहे' यात 'स्वतःची' बसत नाही, तिथे अवर. आणि एक गोष्ट अभिमानाने सांगतो, इथे मराठी जास्त नेमकी आहे. 'सुरेशने त्याची सायकल विकली' आणि 'सुरेशने आपली सायकल विकली' यातला फरक आपल्याला लगेच कळतो. इंग्रजीत दोन्हीकडे हिज, फार तर पुढे 'ओन' जोडायचं.

चौथी चूक, हात धुतले. हात दुसऱ्या कुणाचे असणार, म्हणून मराठीत मालक सांगत नाहीत. इंग्रजीत अवयव, कपडे, नातेवाईक यांच्याआधी मालक बहुधा लागतोच: हिज हँड्स, माय शर्ट, हर अंकल.

माय आणि माइनचा फरक पडवीत बसून, समोर दोन छत्र्या ठेवून समजावता येईल. पुढे नाम असेल तर माय, हर, अवर. नाम गाळलं तर माइन, हर्स, अवर्स. हिज दोन्हीकडे तेच आणि इट्स कधी एकटं सोडू नये. इथे एक खोच आहे. युअर्समध्ये शेवटी 'स' ऐकून मुलं पुढे 'आर' लावतात. ते गाळलेल्या वस्तूवर ठरतं: एक छत्री असेल तर युअर्स इज, चपला असतील तर माइनसुद्धा आर. 'माझा एक मित्र'चं 'वन माय फ्रेंड' नको, अ फ्रेंड ऑफ माइन.

मालकीच्या इट्समध्ये किंवा हर्स, अवर्स, देअर्समध्ये अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरावरचा तो स्वल्पविराम, नाही. तो टाकला की इट्सचं 'इट इज' होतं. मालकीचं इट्स मुळात उशिरा आलेलं. १६११ च्या इंग्रजी बायबलात निर्जीव वस्तूंनाही हिजच लावलेलं सापडतं.

आता अ‍ॅप. घेऊ नका. अ‍ॅपमध्ये इंग्रजी वाक्य तयार असतं आणि गाळलेली जागा भरायची असते. तुमचा मुलगा तिथे चुकतच नाही. तो मराठीतून इंग्रजीत येताना चुकतो, तेव्हा सरावही तिथेच हवा: तुम्ही मराठीत वाक्य म्हणा, त्याने इंग्रजीत सांगायचं. रोज दहा मिनिटं, तोंडी. 'इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको' असं सांगणारे प्रशिक्षक मला अजिबात पटत नाहीत. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पूर्वी पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, पण 'त्यांची'चं देअर होतं ते अजून तसंच, कारण ते मराठी शब्दात बघितल्याशिवाय दिसतच नाही. मराठी बाहेर ठेवली म्हणून मूल मराठीत विचार करायचं थांबत नाही, फक्त शिक्षकाला ते दिसेनासं होतं.

दोन अपवाद मात्र सांगायला हवेत. समवन, एव्हरीवन यांच्यासोबत एका माणसालाही देअर चालतं, 'समवन लेफ्ट देअर अंब्रेला'. तिथे माणसं मोजत बसू नका. आणि मालवणी एकाच ठिकाणी खरंच अडवते. चेडू म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी, 'ता चेडू', म्हणून मुलीच्या आईलाही 'तेची आवस'. रेघ मारली तर 'ते', म्हणजे मालवणीतलं 'त्या', उरतं आणि मूल 'हिज मदर' लिहितं. तेव्हा रेघ मारायच्या आधी 'झील (मुलगा) की चेडू?' एवढं विचारा. चेडू असेल तर डोळे मिटून हर.