९ वर्षांच्या मुलाची केमो सुरू होण्याआधी त्याच्या पुढच्या मूलबाळाची सोय करता येते का?

मुलगा ९ वर्षांचा, यूइंग सार्कोमा (हाडांचा किंवा भोवतालच्या मऊ भागाचा कर्करोग), आठवड्याभरात केमो, आणि अशा वेळी डॉक्टरांकडे हा विषय काढायला लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. उद्याच काढा. मी वीर्य आणि ऊती गोठवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. केमो सुरू झाल्यावर धावत आलेले आईबाप पाहिले की जीव तुटतो.

या वयात शुक्राणू नसतातच, त्यामुळे १४-१५ वर्षांच्या मुलासारखं डबी देऊन नमुना मागता येत नाही. पण शुक्राणू ज्यांच्यापासून पुढे बनतात त्या मूळपेशी अंडकोषात असतात. म्हणून भूल देऊन तिथला लहानसा तुकडा काढतात. केमोसाठी पोर्ट (औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) बसवायचा असेल तर तेव्हा भूल द्यावीच लागते. बहुतेकदा त्याच भुलेत हेही उरकता येतं.

तो तुकडा थंडगार द्रवातून आमच्याकडे येतो. आम्ही त्याचे दोन-चार मिलिमीटरचे काप करतो, पेशींत बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून संरक्षक द्रवात भिजवतो आणि सावकाश थंड करत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. करंगळीएवढ्या नळीवरचं नाव दोघांनी मोठ्यानं वाचल्याशिवाय टाकीचं झाकण लागत नाही.

आता स्पष्टच सांगते, ही पद्धत अजून प्रायोगिक आहे. अशा गोठवलेल्या ऊतीतून माकडाचं पिल्लू जन्मल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. २०२५ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी लहानपणी गोठवलेली ऊती त्याच माणसाला मोठेपणी परत बसवल्याचं जाहीर केलं. म्हणजे खात्री नाही, एक दार उघडं राहतं इतकंच. (रक्ताच्या कर्करोगात तर ऊतीत कर्करोगाच्या पेशी दडलेल्या असू शकतात, तिथे परत बसवणं धोक्याचं.)

डॉक्टरांना औषधांची नावं आणि एकूण मात्रा विचारा. सायक्लोफॉस्फमाइड, आयफॉस्फमाइड यांनी शुक्राणूंच्या मूळपेशींना इजा होते, आणि ती मात्रेनुसार वाढते. धोका कमी निघाला तर बायोप्सी (म्हणजे तो तुकडा काढणं) नकोच म्हणतील, तेही ऐका. पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी मात्र चिवट असतात, त्यामुळे मुलगा बहुधा वेळेवर वयात येईल, मिसरूडही फुटेल. त्यावरून सगळं ठीक आहे असं धरू नका, मोठेपणी वीर्यतपासणी कराच.

आणि संमतीपत्रावर सही करताना, तो सज्ञान झाल्यावर नळीचा निर्णय कोणाचा, ती ओळ नीट वाचा.