नंबर चष्म्याने वाढत नाही, डोळा लांबल्याने वाढतो

डोळ्याचे यंत्रशास्त्र आणि संगणकीय मॉडेल यांवरून मायोपिया, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याचा उणे नंबर, कसा होतो हे कळते का, असे आपण विचारले आहे. मी तंत्रनिकेतनात पदार्थबलशास्त्र शिकवतो, म्हणून विषय ओळखीचा आहे; पण लिहिण्याचे खरे कारण आमचे थोरले दादा आहेत.

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी पुतणीला सातवीत उणे दोन नंबर निघाला. ‘चष्मा लावला का लंबर वाढतेच,’ म्हणत दादांनी चष्मा कपाटात ठेवला. पोरगी फळ्यावरचे गणित मैत्रिणीच्या वहीतून उतरवू लागली, आणि त्या मैत्रिणीचे १ आणि ९ सारखेच दिसत असल्याने उत्तरे चुकू लागली. फाट्यावर एसटी थांबली की पाटी न वाचता ती वाहकाला विचारत असे. पुढच्या तपासणीत नंबर पावणेतीन निघाला, तेव्हा दादांनी त्याचाही दोष न लावलेल्या चष्म्यालाच दिला.

वास्तविक डोळा हे पातळ भिंतीचे दाबपात्र आहे. आत साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याचा दाब असतो. भिंतीतील ताण त्रिज्येबरोबर वाढतो आणि जाडी घटली की आणखी वाढतो. त्यामुळे लांबलेल्या, पातळ श्वेतपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य भिंतीवर, तोच दाब जड जातो, आणि मुलाचा डोळा एक मिलिमीटर लांबला की नंबर साधारण २ ते ३ डायॉप्टरने (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) वाढतो. मात्र केवळ दाबाने डोळा फुगतो असे मानणारे मॉडेल मला अपुरे वाटते. ट्री श्र्यू या खारीसारख्या लहान प्राण्याला मायनस (उणे नंबरचे) भिंग लावले असता श्वेतपटल ताणाखाली अधिक वेगाने सैलावते आणि भिंग काढल्यावर तो वेग उतरतो; म्हणजे दृष्टिपटलाच्या (डोळ्यातील प्रतिमा पडणाऱ्या पडद्याच्या) संकेताने भिंतीचे द्रव्यच बदलते, आणि मॉडेलमध्ये हा बदल घालावाच लागतो.

हा प्रयोग दादांच्या बाजूचा वाटेल, पण ते भिंग नंबर नसलेल्या निरोगी डोळ्यावर होते, त्यामुळे प्रतिमा पडद्यामागे ढकलली जात होती; नंबर असलेल्या डोळ्याला योग्य चष्मा ती पडद्यावरच आणतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मलेशियातील अभ्यासात उलट मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचाच मायोपिया अधिक वेगाने वाढला. तेव्हा चष्मा पूर्ण नंबरचा द्यावा, आणि शक्य असेल तेथे नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजून घ्यावी. ज्यांना अद्याप नंबर नाही त्यांना उजेडात खेळू द्यावे. ग्वांगझू येथील २०१५ च्या चाचणीत शाळेत रोज ४० मिनिटे जास्त बाहेर काढलेल्या मुलांत तीन वर्षांत मायोपिया ३०.४ टक्के, तर इतरांत ३९.५ टक्के आढळला. अर्थात आनुवंशिकता आहेच, आणि एखाद्या विशिष्ट मुलाचा नंबर कुठे थांबेल हे मॉडेलवरून सांगता येत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञच गाठावा, दादांना विचारू नये.